सुंदर नावांची माणसं

१

शेवटी स्वॅनबी गाव जिंकलं. बर्फाच्या रिंकला, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाला, नवं यंत्र मिळालं, मेयरने फीत कापली, आणि कात्री बोथट असल्यामुळे ती तीनदा कापावी लागली.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. फेब्रुवारीतला मंगळवार आहे, बाहेर उणे चौतीस आहे, रिंकचं बर्फ गोठवणारं यंत्र जुनंच आहे आणि भिंतीपलीकडे खोकतं आहे. स्वॅनबी हरण्याच्या बेतात आहे. आणि रेने शार्ट्रँड नावाची एक बाई विनिपेगहून कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या या टोकापर्यंत गाडी हाकत आली आहे, ती गावाला हरवायला. निदान गावाची तशी खात्री होती.

भानगड अशी झाली. मोहरीची चटणी विकणाऱ्या एका कंपनीने स्पर्धा लावली. ज्या गावाला सगळ्यात जास्त मतं, त्याच्या रिंकला नवं यंत्र फुकट. मत द्यायला ईमेलचा पत्ता हवा, एका पत्त्याला एक मत. गावाबाहेरच्या सग्यासोयऱ्यांचीही मतं चालणार होती. स्वॅनबीची वस्ती सहाशेच्या आसपास, कुत्री धरून सातशे. मतं पडली दोन हजारांच्या वर. शेजारचं हार्लो थोडंसंच मागे होतं.

मग कंपनीच्या फोनवर कुणीतरी निरोप ठेवला. तोंडावर मफलर होता, म्हणजे संशयित अख्खा प्रांत. "स्वॅनबीची मतं खोटी आहेत," आवाज म्हणाला. "यंत्राने पाडलेले पत्ते आहेत. सुंदर नावांच्या माणसांकडे नीट बघा. माफ करा हं."

'माफ करा' म्हणाला यावरून माणूस कॅनडाचा, एवढाच सुगावा लागला.

खोटे पत्ते ओळखणं हा रेनेचा धंदा. सहा वर्षं ती दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर बसून सांगत होती: हा माणूस, हे यंत्र, हा माणूस. सुरुवातीला मजा यायची. नंतर काहीच यायचं बंद झालं. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा तिचा ईमेल बंद करताना रेनेने सवयीने आधी तो खरा आहे का ते तपासलं. खरा होता.

तिच्या कचेरीतल्या तपासणी-यंत्राने स्वॅनबीचे चारेकशे पत्ते लाल केले होते. अक्षरं आणि आकड्यांचा नुसता काला. ते कापले की स्वॅनबी हार्लोच्या खाली जाणार होतं. मतदान रविवारी संपत होतं. जुनं यंत्र पुढचा हिवाळा काढणार नव्हतं, म्हणजे रिंकला कुलूप, आणि गावची पोरं हॉकी खेळायला हार्लोला. स्वॅनबीत 'हार्लोला' हा शब्द लोक जरा आवाज खाली करून म्हणत.

२

चौकशी रिंकच्या कँटीनमध्ये झाली, कारण गावात तेवढीच एक जागा गरम होती.

पहिला मेयर, गार्नेट लिंडक्विस्ट. विम्याचा एजंट. निवडणूक सहा महिन्यांवर.

"मी करीन असं?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "बाई, मला ईमेलला कागद जोडता येत नाही. गेल्या वर्षी गावाला सभेची सूचना पाठवायची होती, त्याऐवजी माझ्या मूळव्याधीचा अहवाल गेला."

"लोकांनी वाचला?"

"सभेला एवढी गर्दी आजवर झाली नव्हती."

दुसरी पर्ल डुबिक. कँटीन तिचं. तिने काउंटरवर कोपरं टेकवली. "पेरोगी देऊ की विष?"

"विष कशाबरोबर मिळतं?"

"दोन्ही आंबट साईबरोबरच," पर्ल म्हणाली आणि बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगींची बशी आदळली. "खा. आमचं रिंक बंद करायला आलीस, तर निदान भरल्या पोटाने कर. माझा नातू हार्लोच्या पोरांबरोबर खेळणार असेल तर मी त्याला बुद्धिबळ शिकवीन. एवढी वाईट वेळ येईल."

"मतं तुम्ही वाढवलीत?"

"वाढवता आली असती तर हार्लोची कमी केली असती."

तिसरे टुंडे फालोदुन, शाळेत संगणक शिकवणारे मास्तर. लागोसहून येऊन तिसरा हिवाळा. त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली.

"बसू ना? मी कालपासून तयार होऊन बसलोय. गावात संगणकातलं कळणारा मी एकटा. त्यात मी नायजेरियाचा, आणि भानगड ईमेलची. तुमच्या जागी मी असतो तर मलाच आधी पकडलं असतं, उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

"केलंत का मग?"

"केलं असतं तर तुमच्या यंत्राला कळलं नसतं." ते थांबले. "सगळं कळलंय ना त्याला? की फक्त जे कळलं, तेच तुम्हाला कळलंय?"

रेनेने हे वाक्य खिशात टाकलं.  

एवढ्यात दारातून एक उंच, वाकलेला म्हातारा बर्फ झटकत आत आला. लॉर्न स्कोरोपाड. रिंकचा बर्फ तोच बनवायचा, तोच धुवायचा, तोच जपायचा. पगार नाही, आभार भरपूर.

"पोरी, तुझ्या गाडीची इंजिन गरम ठेवायची वायर लावली गं भिंतीतल्या प्लगला," तो म्हणाला. "नाहीतर इंजिन गोठलं असतं. माफ कर, न विचारता लावली." मग टेबलावरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "हेच का ते पकडलेले? बघू?"

त्याने लाल यादी वरपासून खालपर्यंत बघितली. चेहरा उतरला.

"एवढेच?" तो म्हणाला. "दुसरे नाहीत?"

"एवढे पुरेसे आहेत, लॉर्न," मेयर कळवळून म्हणाला. "यातच आपण मेलो."

लॉर्नने कॉफी ओतून घेतली. कॉफीचा कप त्याने दोन्ही हातांत धरला, पण उजव्या हाताची दोन बोटं कपाला लागलीच नाहीत. काठीसारखी बाहेर राहिली.

३

गुरुवारी रेने गावाबाहेरच्या शेतांकडे निघाली आणि गाडीसकट चारीत गेली. रस्ता, आभाळ आणि चारी, तिन्ही एकाच रंगाचे होते. कुठलं निवडायचं ते गाडीने ठरवलं.

ती उतरली. पन्नास पावलांवर एका फाटकाला पाटी होती. गाडी काढायला येणाऱ्याला जागा सांगायची म्हणून तिने पाटी वाचली: NW 22-37-14. ती पाटीसमोर उभी राहिली. पापण्या गोठून एकमेकींना चिकटायला लागल्या तरी हलली नाही.

मग तिने दार वाजवलं. हातात जेवणाचा काटा धरलेल्या एका गोल माणसाने उघडलं.

"तुम्ही खोटे आहात," रेने म्हणाली.

"बायको रोज म्हणते," तो म्हणाला. "बूट काढून आत ये."

त्याचं नाव मरे बोहाच. ईमेलच्या पत्त्यात मात्र नावाचा पत्ताच नव्हता, फक्त nw223714. लाल यादीत हा पत्ता वरून तिसरा होता.

"नाव का नाही लिहिलंत?" रेनेने विचारलं.

"कुठल्या मरे बोहाचचं लिहू? इथे तिघं आहेत. एक मी, एक माझा बाप, आणि एक असा, ज्याचं नाव या घरात घेत नाहीत. जमीन मात्र एकाची एकच. बावीस नंबरचा वायव्य तुकडा म्हटलं की मीच. बँकेत मी हाच, दवाखान्यात हाच. आमच्यात मेल्यावर पाद्रीसुद्धा आधी तुकडा सांगतो, मग नाव."

"आणि बाकीचे? सुरुवातीला se, ne, sw असलेले?"

"माझे शेजारी. चारी दिशांचे."

आतून त्याची बायको जोन म्हणाली, "सांग तिला मताचं."

मरे ओशाळला. "आमच्या दोघांत पत्ता एकच. एका पत्त्याला एक मत, असं लिहिलं होतं. बटण कुणी दाबायचं यावर आमचं आठवडाभर वाजलं."

"कुणी दाबलं?"

"मी," जोन म्हणाली. "त्याने हार्लोचं दाबलं असतं. चष्मा लावत नाही."

ट्रॅक्टरने गाडी काढून दिल्यावर रेने बराच वेळ स्टिअरिंगला धरून बसली. चारशे खरी माणसं तिच्या यंत्राने कचऱ्यात टाकली होती, आणि तिने त्यावर सही करायचीच बाकी ठेवली होती. याचं वाईट वाटायला हवं, असं तिच्या लक्षात आलं. ती वाट बघत राहिली. वाटलं नाही.

त्याऐवजी मफलरमधला तो आवाज आठवला. सुंदर नावांच्या माणसांकडे नीट बघा.

तिने गाडीतच संगणकाचा पडदा उघडला. यंत्राने हिरवे केलेले पत्ते. हेदर मॅकलाउड. ग्रॅहम विन्स्लो. अॅबिगेल थॉर्नटन. प्रत्येकाचं नाव, मग टिंब, मग आडनाव. एकही नवराबायकोत मिळून नाही, एकात ट्रॅक्टर नाही, कुत्र्याचं नाव नाही, हॉकीच्या जर्सीचा नंबर नाही. तिने दहा जणांना ईमेलने पत्र धाडलं. दहाही घरं नाहीशी झाली होती. काही मिनिटं टिकणारे पत्ते फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळावरून ही माणसं जन्मली होती, एक मत देऊन वारली होती.

आणि हे फक्त पत्ते बनवणाऱ्यालाच माहीत असणार. म्हणजे चोर आणि तक्रारदार एकच. चोराच्या उलट्या बोंबा सगळ्यांनी ऐकल्या असतील, पण हा चोर सरळ बोंबलत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

मतं तर गावाच्याच इंटरनेटवरून आली होती, म्हणजे स्वॅनबीत कुणाला तरी हरायचं होतं.

४

शुक्रवारी संध्याकाळी हार्लोविरुद्ध सामना होता. अख्खं गाव रिंकमध्ये. रेने बाकावर पडदा मांडीवर घेऊन बसली आणि येणारी मतं बघू लागली. फालोदुन मास्तर शेजारी येऊन बसले, मध्ये बटाट्याच्या तळलेल्या सळ्यांचा पुडा.

"मला नजरेखाली ठेवताय का?"

"हो."

"मग सळ्या अर्ध्या अर्ध्या."

खेळ सुरू झाला. मेयर वरच्या खोलीत माइकला चिकटून गोलंदाजीसारखं काहीतरी वर्णन करत होता. हॉकीचे नियम त्याला आजतागायत कळले नव्हते. पडद्यावर सुंदर माणसं एकेक करून येऊ लागली. शार्लट हॅरिंग्टन. मग जरा थांबून डग्लस पेम्बर्टन. मास्तरांचे दोन्ही हात तेलकट होते आणि दोन्ही रेनेला दिसत होते. मेयरचा आवाज एक क्षण थांबला नाही.

पहिलं मध्यंतर झालं. गाव कँटीनवर तुटून पडलं. रांगेत उभ्या लोकांनी फोन काढले, कॅल्गरीच्या भाच्यांना आणि मूस जॉच्या मावश्यांना दम भरले, आणि पडद्यावर कुरूप मतांचा पाऊस पडला: दोघांत एक पत्ते, ट्रॅक्टरवाले पत्ते, कुत्रेवाले पत्ते.

सुंदर माणूस एकही आला नाही.

खेळ सुरू, सुंदर माणसं सुरू. दुसरं मध्यंतर, पुन्हा शुकशुकाट.

"मास्तर," रेने म्हणाली, "सगळ्यांना सवड असते तेव्हाच कामात कोण असतं?"

मास्तरांनी कँटीनकडे पाहिलं. पर्ल दोन हातांनी चार जणांना वाढत होती. "पर्लबाई," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी बर्फाकडे पाहिलं. लॉर्न बर्फ धुण्याची, म्हणजे पाणी सोडून तो पुन्हा गुळगुळीत करण्याची, मोठी गाडी घेऊन सावकाश गोल गोल फिरत होता. लहान पोरं काचेला नाकं लावून हात हलवत होती; तोही न चुकता हलवत होता. "नाही हो," मास्तर म्हणाले. "तो नाही."

तिसरा भाग सुरू झाला. गाडी आत गेली. थोड्या वेळाने पडद्यावर एक नवा पत्ता उमटला. या वेळी नाव सुंदर नव्हतं. इंग्रजीत सरळ लिहिलं होतं: मी.खरा.माणूस.नाही.

तपासणी-यंत्राने क्षणभर विचार करून शेरा दिला: मानवी.

शनिवारी सकाळी लहानांचं स्केटिंग होतं. कँटीन बंद, पर्ल चर्चच्या तळघरात पेरोगी वळत होती, सोबतीला बारा बायका साक्षीदार. तरीही सुंदर माणसं आली. आणि बर्फ धुवायची गाडी बर्फावर निघाली की ती यायची थांबली.

रेनेने पडदा मिटला.

५

यंत्रघरात अमोनियाचा वास होता. एका स्टुलावर शाळेने टाकून दिलेला संगणक, बाजूला थर्मास. लॉर्न पान्याने काहीतरी आवळत होता. तिला बघून त्याने पाना खाली ठेवला.

"कळलं एकदाचं," तो म्हणाला. "देवा. मला वाटलं होतं पहिल्या आठवड्यात कळेल."

"किती बनवलेत?"

"मोजले नाहीत गं. बर्फासारखंच असतं ते. एकदम जाड थर दिला की तडा जातो. पातळ पातळ द्यायचे." तो जरा चिडला. "मी एवढे मरमर मरून खोटे पत्ते केले, आणि तुझं यंत्र त्यांना पास करतं! आणि पकडलं कुणाला? मरेला! मरेएवढा खरा माणूस या प्रांतात नाही. मी फोन केला, नीट खूण सांगितली. आणखी काय करायला हवं होतं?"

"तुम्हाला गाव हरायला हवंय."

लॉर्न स्टुलावर बसला. यंत्र खोकलं, त्याने न बघता त्याच्या अंगावर हात ठेवला, आणि ते गप्प झालं.

"इथली रीत आहे," तो म्हणाला. "वार्षिक सभेला जो हजर नसतो त्याच्या गळ्यात काम पडतं. मी तिशीत होतो. सभेतून उठून लघवीला गेलो, परत आलो तर टाळ्या वाजत होत्या. एका हिवाळ्यापुरतं म्हणाले."

"सोडायचं होतं मग."

"सोडायचं म्हटलं की विचारतात, तुझ्या जागी कोण? मग सगळे बुटांकडे बघतात. दर वर्षी. माझ्याआधीचा माणूस याच फरशीवर गेला; लोकांनी त्याला उचलला आणि मला म्हणाले, संध्याकाळी सामना आहे." त्याने ती दोन बोटं वर धरली. "यांना काही कळत नाही आता. आधी वाटलं, बरं झालं, दुखायचं थांबलं. व्हिक्टोरियाला बहीण आहे, ओल्गा. वर्षानुवर्षं माझ्यासाठी खोली रिकामी ठेवलीय. फोनवर सांगते, फेब्रुवारीत फुलं आलीत. मी म्हणतो, या शनिवारी पोरांचं स्केटिंग आहे. आता तिला नीट ऐकू येत नाही, तरी मी तेच सांगतो."



"नियम सांगतो ना," लॉर्नने आशेने विचारलं, "रिंकच्या माणसाने फसवलं तर गाव बाद?"

"सांगतो."

"मग लिही माझं नाव. रिंक यंत्रामुळे बंद पडलं तर कुणाचा दोष नाही. मी सोडल्याने पडलं, तर माझा."

"पोरं हार्लोला जातील."

"जातील," तो म्हणाला. पाना उचलून पुन्हा खाली ठेवला. "चांगलं रिंक आहे हार्लोचं. कुणाला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून."

६

रेनेने काम चोख केलं. सुंदर माणसं सगळी कापली. मरे आणि त्याचे चारी दिशांचे शेजारी परत हिरवे केले. मग बेरीज पाहिली. निव्वळ खऱ्या मतांवर स्वॅनबी हार्लोच्या पुढे होतं. आणि दोषीच्या रकान्यात तिने लॉर्न स्कोरोपाड लिहिलं, कारण ते खरं होतं आणि त्याने मागितलं होतं.

रविवारी मतदान संपल्यावर कँटीनमध्ये सभा भरली. मेयरने निकाल वाचण्याआधीच लॉर्न उभा राहिला. टोपी काढली.

"ती खोटी मतं मी टाकली," तो म्हणाला. "आपण हरावं म्हणून."

 कुठेतरी चमचा वाजला.

"लॉर्न दमलाय," पर्ल म्हणाली. "कॉफी द्या त्याला."

"मी दमलोय म्हणूनच तर..."

"काय थट्टा करतो बघा," मेयर मोठ्याने हसला. "असा माणूस लाभला म्हणून गाव आहे. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मरेने सगळ्यात जोरात वाजवल्या आणि डोळे पुसले. फालोदुन मास्तरांनी वाजवल्या नाहीत. पण त्यांनी खाली बुटांकडे पाहिलं. आणि रेने बघत असताना, एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत, घडलेली गोष्ट घडली नाही.

चटणीच्या कंपनीने अहवाल परत पाठवला. बाटल्यांवर स्वॅनबीच्या रिंकचं चित्र छापून झालं होतं, बर्फगाडीवरून हात हलवणाऱ्या लॉर्नसकट. दोषीचं नाव खोडून तिथे 'अज्ञात यंत्र' असं टंकलं होतं आणि रेनेच्या तत्परतेबद्दल आभार मानले होते.

महिन्याभराने विनिपेगच्या कचेरीत टपाल आलं. रेनेने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. त्यावर शिक्का मारण्याचा अधिकार तिला नव्हता. कचेरीत कुणालाच नव्हता. तरी तिने ते वरच्या साहेबांकडे पाठवलं, साहेबांनी कायदा विभागाकडे, आणि कायदा विभागाने, कामकाजाच्या पद्धतीनुसार, स्वॅनबी ग्रामपालिकेकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी.

प्रति,
खोटे पत्ते ओळख विभाग

विषय: अर्जदारास यंत्रनिर्मित घोषित करणेबाबत.

महोदया,

अर्जदार लॉर्न स्कोरोपाड, राहणार स्वॅनबी, नम्रपणे निवेदन करतो की, अर्जदार ठरल्या वेळी सुरू होतो व ठरल्या वेळी थांबतो. अर्जदार तेच वर्तुळ तासातासाने काढतो. अर्जदारास दोन बोटांत जाणीव नाही, व इतरत्रही ती कमी होत असल्याचे दिसून येते. अर्जदाराने दिलेल्या नकाराची आजवर कोठेही नोंद झालेली नाही. आपल्या विभागाच्या निकषांनुसार ही लक्षणे माणसाची नाहीत.

तरी अर्जदार ही व्यक्ती नसून यंत्राने पाडलेला एक पत्ता आहे, असे प्रमाणपत्र देऊन त्यास गावाच्या यादीतून वगळण्यात यावे, ही विनंती. वगळल्यानंतरचा पत्रव्यवहार ओल्गा स्कोरोपाड, व्हिक्टोरिया, यांच्या घरी करावा; त्यांना कमी ऐकू येते, सबब मोठ्या अक्षरात.

निर्णय पुढचा बर्फ घालण्याआधी कळवावा. तसदीबद्दल माफ करा.